आधी डोळ्याला, मग गळाला

मागच्या हप्त्यात हॅल्फर्ड आणि मॅरिएट या मासेमार जोडीला विंचेस्टरच्या दुकानात गप्पा मारत सोडलं होतं, आणि आज टिपेटच्या, म्हणजे माशी बांधायच्या बारीक दोऱ्याच्या, गाठी शिकायच्या असं ठरलं होतं. गाठी आठवडाभर थांबतील. मध्येच सांगलीहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आणि त्यांचा प्रश्न गाठींच्याही आधीचा निघाला. मुलगा कुलूला नोकरीला आहे. यंदा हंगाम उघडला की वडिलांना तीर्थन नदीवर न्यायचं, परवाना काढायचा, ट्राउटवर गळ टाकायचा, असा त्याचा बेत. पण गुरुजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय आणि वाचायला चष्म्याशिवाय चालत नाही. “लेखमाला वाचून हात शिवशिवतात,” ते लिहितात, “पण पाण्यावरची ती एवढीशी माशी मला दिसणार आहे का? की आम्ही आपलं काठावर बसून चहाच प्यायचा?”

चहा तर प्यावाच. पण प्रश्न रास्त आहे, आणि फ्लाय फिशिंगची पुस्तकं त्याला सहसा बगल देतात. रॉड किती फुटी, लाइन कोणत्या वजनाची, यावर पानंच्या पानं. डोळ्यांवर एखादा परिच्छेद, तोही गॉगलच्या जाहिरातीसारखा.

आधी काम काय आहे ते पाहू. अठरा नंबरच्या गळावर बांधलेली ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी नकली माशी, लांबीला जेमतेम पाच-सहा मिलिमीटर भरते. ती दहा-बारा मीटरवर, उसळत्या पाण्यात, फेसाचे बुडबुडे, झाडावरून गळलेला कचरा आणि तिच्यासारखेच दिसणारे खरे किडे यांच्या गर्दीतून वाहत येते. तिच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची ती दोन कारणांसाठी.

पहिलं कारण ओढीचं. माशी संथ धारेत आणि तिच्यामागची लाइन वेगवान धारेत पडली, की लाइनला पोट सुटतं आणि ती माशीला खेचू लागते. माशीच्या मागे पाण्यावर एक बारीक व्ही उमटतो. खरा मेफ्लाय किडा असा पळत नाही हे ट्राउटला पक्कं ठाऊक असतं. ती खालून वर येते, पाहते आणि परत जाते. हाताला यातलं काहीच कळत नाही. तो व्ही दिसला तरच लाइन उचलून दुसऱ्या बाजूला टाकता येते.

दुसरं कारण मासा लागण्याचं. कोकणात गरी टाकून गरवणाऱ्याचं सगळं लक्ष तर्जनीवर असतं. दोरीला टोचल्यासारखं झालं की तो झटका देतो. पाण्याखाली पाहायची त्याला गरज नाही आणि सोयही नाही. ड्राय फ्लायमध्ये हे जमत नाही, कारण माशी मोकळी वाहावी म्हणून लाइनच्या पुढचा बारीक दोरा, लीडर, मुद्दाम सैल सोडलेला असतो. ट्राउट माशी तोंडात घेते, पिसं आणि दोरा आहे हे तिच्या लक्षात येतं, आणि ती थुंकून मोकळी होते. ओढ हातापर्यंत पोचायची वाट पाहिली तर मासा कधीच गेलेला असतो. पाण्यावर वलय उठलं आणि आपली माशी नाहीशी झाली, एवढं डोळ्यांनी टिपून रॉड उचलायचा. हातात मासा नंतर येतो.

डोळे गेल्यावर या खेळातलं नेमकं काय जातं, हे ज्याने सोसलं आणि लिहूनही ठेवलं असा एक माणूस आहे: सर एडवर्ड ग्रे. इतिहासाच्या पुस्तकांत तो १९०५ ते १९१६ अशी सलग अकरा वर्षं ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री म्हणून भेटतो, पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हाचा. मासेमारांच्या कपाटात तो १८९९ च्या ‘फ्लाय फिशिंग’ या पुस्तकाचा लेखक म्हणून भेटतो, आणि तिथे त्याचा मान जास्त आहे. इचेन नदीच्या काठी त्याची एक छोटी कॉटेज होती. शनिवारी भल्या पहाटे लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून गाडी पकडायची आणि न्याहारीच्या सुमारास नदी गाठायची, हा त्याचा हंगामातला नेम. मंत्रिमंडळाच्या बैठकांपेक्षा ही गाडी त्याने जास्त निष्ठेने सांभाळली असावी असा संशय त्याचं पुस्तक वाचताना येतो.

१९१४ च्या सुरुवातीला स्क्वॉश खेळताना चेंडू मध्येच नजरेतून निसटतो हे त्याच्या ध्यानात आलं. त्याच सुमाराला रात्री एक ओळखीचा तारा धड दिसेना. डॉक्टरांनी सांगितलं की बिघाड डोळ्याच्या पडद्यात आहे आणि वाचण्याची शक्ती हळूहळू जाईल. पुढे काही महिन्यांतच युद्ध पेटलं. डोळ्यांना विश्रांती देणं राहून गेलं. मंत्रिपद सोडल्यावर तो मोकळा झाला, पण तोवर इचेनवरची लहान ड्राय फ्लाय त्याला दिसेनाशी होऊ लागली होती. ज्या कौशल्यावर त्याने पुस्तक लिहिलं, तेच त्याला सोडून द्यावं लागलं.

आता त्याने पुढे काय केलं ते पाहा, कारण गुरुजींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. तो सामनकडे वळला. सामनसाठीची माशी मोठी, बुडणारी; ती धारेला आडवी फेकायची आणि ताणलेल्या लाइनवर प्रवाहातून झुलत येऊ द्यायची. लाइन सैल नसल्यामुळे मासा लागला की धक्का थेट हातात येतो. म्हणजे ज्या खेळात डोळ्याचा कारभार होता तो सोडून, हाताचा कारभार असलेला खेळ त्याने जवळ केला. पक्ष्यांचंही तसंच. १९१० साली थिओडोर रूझवेल्ट इंग्लंडात आला तेव्हा या दोघांनी जूनमधला एक दिवस इचेनचं खोरं आणि न्यू फॉरेस्टमध्ये पक्ष्यांची गाणी ऐकत घालवला होता. तो कान म्हातारपणी कामी आला. १९२७ च्या ‘द चार्म ऑफ बर्ड्‌स’ या त्याच्या पुस्तकात पक्ष्यांच्या गाण्यावर इतका भर का आहे, हे त्याच्या डोळ्यांची कथा ठाऊक असली की समजतं.

ग्रेचा आजार पडद्याच्या मध्यभागाचा. वाचन, सुईत दोरा ओवणं आणि दूरवरची माशी टिपणं ही तिन्ही कामं याच इवल्याशा भागाची. तो गेला तर कडेची नजर शाबूत राहते, माणूस खोलीत फिरतो, पण ज्याच्याकडे पाहावं तेच पुसलं जातं. गुरुजींची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा बिघाड भिंगात होता, आणि भिंग बदलता येतं.

तेही कुणामुळे? हॅरल्ड रिडली या डॉक्टरने २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात प्लॅस्टिकचं भिंग पहिल्यांदा बसवलं. युद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून त्यांचे पर्स्पेक्सचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते. डोळा ते निमूट सहन करतो, हे त्याने पाहिलं होतं. पुढे वर्षानुवर्षं बड्या डॉक्टरांनी त्याला वेड्यात काढलं. ‘सर’ हा किताब मिळायला २००० साल उजाडलं, तेव्हा तो नव्वदी ओलांडून गेला होता. म्हातारपणी त्याने स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत तसलीच भिंगं बसवून घेतली. आणि हा गृहस्थ पक्का फ्लाय फिशर. निवृत्तीनंतर विल्टशायरमध्ये, ट्राउटच्या नद्यांच्या मुलखात जाऊन राहिला. सांगलीच्या डोळ्यात बसलेलं भिंग एका मासेमाराच्या डोक्यातून निघालेलं आहे, हे गुरुजींना आवडावं.

साधं बसवलेलं भिंग बहुधा लांबच्या नजरेसाठी जुळवलेलं असतं. म्हणजे बारा मीटरवरची माशी पूर्वीपेक्षा लख्ख दिसायला हरकत नाही. अडचण येते ती हातातल्या माशीची. अठरा नंबरच्या गळाच्या नेढ्यात केसासारखा टिपेट ओवायचा म्हणजे चाळिशी उलटलेल्या कुणाचीही परीक्षाच. नेढं आकाशासमोर धरावं, पाण्यासमोर किंवा सदऱ्यासमोर नाही. उजेड आरपार आला की भोक दिसतं. जवळचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवावा. तीर्थनच्या खडकांवर चष्मा पडला की तो परत मिळत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे आठ-दहा माशा घरीच, दिव्याखाली, टिपेटच्या तुकड्यांना बांधून न्याव्यात. नदीवर मग दोन मोठे फासे एकमेकांत अडकवायचे एवढंच काम उरतं.

डोळे ठणठणीत असूनही दिसत नाही, याचं सर्वांत मोठं कारण मात्र पाण्यावरची चमक. इथे थोडं रेंगाळायला हवं. हा प्रस्तुत लेखकाचा जुना नाद आहे.

प्रकाशाची लहर सगळ्या दिशांनी थरथरत असते. सपाट पाण्यावरून ती परावर्तित झाली की आडवी थरथर जास्त उरते, आणि एका ठरावीक कोनात तर फक्त आडवीच. हा कोन डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१५ मध्ये नियमात बसवला. पाण्यासाठी तो उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंश येतो. तिथे आडवी थरथर अडवणारी काच डोळ्यांसमोर धरली, की वरची चमक जवळजवळ पुसली जाते आणि खालचा तळ उघडा पडतो.

या युक्तीचा एक प्रसिद्ध प्रयोग भारतीय माणसाने समुद्रावर केला. १९२१ साली इंग्लंडहून परतताना सी. व्ही. रामन ‘नारकुंडा’ बोटीवर होते. समुद्राचा गडद निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅलेने म्हटलेलं होतं. रामन यांनी खिशातल्या निकोल प्रिझममधून ब्रूस्टरच्या कोनात पाण्याकडे पाहिलं. प्रिझमने आकाशाचं प्रतिबिंब पुसून टाकलं, आणि निळा रंग जायच्या ऐवजी आणखी गडद झाला. रंग पाण्याचा स्वतःचा होता. यावरचं त्यांचं पत्र ‘नेचर’ नियतकालिकाकडे गेलं ते बोट मुंबई बंदरात असतानाच. पत्रावर स्थळही तेच आहे. तिथून सुरू झालेला विचार पुढे रामन परिणामाकडे आणि १९३० च्या नोबेलकडे गेला. ट्राउट शोधणारा माणूस नदीकाठी उभा राहून करतो ते याच प्रयोगाचं पहिलं पाऊल.

निकोल प्रिझम चष्म्यात बसवण्यासारखा नसतो. लहान आणि महाग. स्वस्त, पातळ पापुद्र्याचा मार्ग अमेरिकेच्या एडविन लँडने काढला, तोच पुढे पोलरॉइड कंपनी काढणारा. त्याने आपला माल कसा खपवला ती गोष्ट मासेमारांत मोठ्या चवीने सांगतात. १९३४ साली त्याने बोस्टनच्या एका हॉटेलात खोली घेतली, खिडकीच्या कट्ट्यावर गोल्डफिशचं भांडं अशा बेताने ठेवलं की पाण्यावर ऊन चमकावं, आणि अमेरिकन ऑप्टिकल या चष्मे करणाऱ्या कंपनीच्या लोकांना बोलावलं. भांड्यात मासा दिसतो का? नाही दिसत. मग हातात एकेक पातळ काच दिली. मासा दिसला. गॉगलचा करार झाला.

दुकानदार हे सांगतात. एक गोष्ट सांगत नाहीत. ब्रूस्टरचा कोन पाण्यावर कुठे पडतो हे जरा हिशेबाने पाहा. नजर पाण्यापासून १.६ मीटर उंच असेल, तर तो कोन पायांपुढे जेमतेम दोन मीटरवर येतो. चार मीटरपर्यंतही गॉगल उत्तम काम करतो. पण बारा मीटरवर नजर पाण्याला इतकी निसटती होते, की परावर्तित प्रकाशातली उभी थरथरही भरपूर असते आणि ती काचेतून आरामात आत येते. म्हणजे हजारोंचा गॉगल घेऊनही दूरचं पाणी चमकतच राहणार. उपाय दोनच: उंच काठावर चढायचं किंवा जवळ जायचं. आणि काचेचा गुण कोनावर ठरतो, म्हणून मान दोन्ही बाजूंना थोडी कलवून पाहावी. एका ठिकाणी चमक एकदम मंदावते. नदीकाठी मान वाकडी करून उभा असलेला माणूस हमखास अनुभवी समजावा.

उंच चढावं तर मासा आपल्याला पाहतो, ही पुढची पंचाईत. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीतून दिसतं. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं दृश्य सुमारे ९७ अंशांच्या शंकूत गोळा होतं. त्या खिडकीबाहेर पृष्ठभाग आरशासारखा तळच दाखवतो. खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट. मासा ३० सेंटिमीटरवर असेल तर खिडकी ६८ सेंटिमीटरची, ६० वर असेल तर १३५ ची. उथळ पाण्यातल्या माशाची खिडकी लहान, त्यामुळे माशी अगदी नाकासमोरून न्यावी लागते. आणि क्षितिजालगतचं सगळं या खिडकीच्या काठाशी चेपून पुसट होतं, म्हणून वाकून, गुडघ्यांवर जाणारा माणूस वाचतो.

हे नुसतं कागदी गणित नाही. आल्फ्रेड रोनाल्ड्स नावाच्या इंग्रजाने स्टॅफर्डशायरमध्ये ब्लाइथ नदीवर एक निरीक्षणघर बांधलं होतं. आत लपून तो ट्राउटचं वागणं पाही. माशांना ऐकू येतं का हे पाहण्यासाठी त्याने मित्राकडून आडोशामागे बंदुका झाडून घेतल्या. ट्राउट ढिम्म हलली नाही. मेलेल्या घरमाशांना तिखट फासून नळीतून फुंकल्या. त्याही तिने खाल्ल्या. माणूस मात्र दिसला की ती पसार. १८३६ च्या त्याच्या पुस्तकात हे सगळं आलं आहे, आणि काठावर आवाज कमी करण्यापेक्षा सावली कमी करावी हा धडा तिथपासून चालत आला.

मग पाण्यात पाहायचं तरी काय? नवखा माणूस अख्खा मासा शोधतो, पुस्तकातल्या चित्रासारखा, कल्ल्यांसकट. तसा तो क्वचितच दिसतो. तळावर हलणारी एक सावली दिसते, जिचा धनी दिसत नाही. दगडाच्या कडेला एक लांबट करडी रेघ असते, आणि प्रवाहात दगड हलत नाही पण ही रेघ मागच्या टोकाला हलते. कधी क्षणभर पांढरं काहीतरी उघडझाप करतं. ते ट्राउटचं तोंड. लंडनचा वकील स्क्यूज, ज्याने हॅल्फर्डच्या ड्राय फ्लायवाल्यांना निम्फच्या, म्हणजे पाण्याखालच्या अळीसारख्या माशीच्या, बाजूने छळलं, तो पाण्याखालच्या अशाच अर्ध्या झळकीवर रॉड उचलायचा. विल्टशायरमधल्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर फेझंटच्या शेपटीची पिसं आणि तांब्याची तार यांचा निम्फ बांधायचा, आणि तो माशाच्या पुढ्यात बुडवून हलकेच वर उचलायचा. पण त्यासाठी आधी मासा कुठे आहे हे दिसायला लागतं. १९५८ च्या त्याच्या पुस्तकाचा बराच भाग बांधण्यापेक्षा पाहण्याबद्दल आहे. ही नजर डोळ्याच्या नंबरवर फारशी अवलंबून नाही. चष्मा लावणारे राखणदार तरुण पाहुण्यांना मासे दाखवतात, आणि पाहुणे “कुठे? कुठे?” करत राहतात.

गुरुजींसाठी आता कामाचं. पॅराशूट पद्धतीची माशी घ्यावी, जिच्या पाठीवर पांढरा किंवा नारिंगी झुपका उभा असतो. मासा खालून पाहतो, त्याला तो झुपका फारसा जाणवत नाही. आपल्याला मात्र बारा मीटरवरून दिसतो. पाणी चांदीसारखं चमकत असेल तेव्हा पांढऱ्यापेक्षा काळा झुपका उठून दिसतो, हे पुष्कळांना पटत नाही, पण करून पाहावं. तरीही लहान माशी हरवत असेल तर पुढे एक मोठी, ठसठशीत माशी आणि तिच्या गळाला हातभर टिपेटवर लहान निम्फ बांधावा. मोठी अडखळली की रॉड उचलायचा. फेक लहान ठेवावी. माशी पडल्यावर शोधत बसू नये, ती कुठे पडणार तिथे आधीच नजर लावावी, आणि त्या परिसरात कुठेही वलय उठलं तर आपलंच समजावं. चार वेळा फुकट जाईल, पाचव्यांदा नाही.

संध्याकाळच्या मोहात मात्र पडू नये. किडे तेव्हाच सर्वांत जास्त उडतात आणि ट्राउट वेड्यासारख्या वर येतात, हे खरं. पण वय वाढलं की अंधारात बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, डोळ्यात उजेड कमी शिरतो, आणि मुलाला दिसणारी माशी बापाला दिसत नाही. तेव्हा बापाने बुडती माशी बांधून ताणलेल्या लाइनवर, ग्रेसारखं, हाताने मासेमारी करावी. तीर्थनमधली ब्राउन ट्राउट ही तीच जात, जिच्या समुद्रात जाऊन परतणाऱ्या भाऊबंदांना ब्रिटनमध्ये मिट्ट काळोखात पकडतात; ह्यू फॉकसचं १९६२ चं पुस्तक या रात्रीच्या विद्येवरच आहे. त्याला वेगळा हप्ता लागेल.

गॉगल उन्हापुरता नाही, हेही ध्यानात ठेवावं. मागे फेकलेली माशी वाऱ्याने भरकटून तोंडाशी येते आणि तिच्या पोटात गळ असतो. नुकतंच ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर काच असलीच पाहिजे. अंधारून आलं की काळी काढून साधी लावावी, उघड्या डोळ्यांनी फेकू नये. आणि नदीत उतरायचं ते डॉक्टरांनी पाण्याला परवानगी दिल्यावरच.

हंगामाला अवकाश आहे तोवर सरावाला कुलूपर्यंत जायला नको. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, वरदायिनी देवीचा डोह. तिथे महसीर पिढ्यान्‌पिढ्या राखलेले आहेत, आणि वर झुलता पूल आहे, म्हणजे उंच काठ आयताच मिळाला. पोलराइज्ड गॉगल लावून पुलावर उभं राहावं. लोक खाऊ टाकतात तिथे पाहू नये, तिथे मासे कुणालाही दिसतात. बाजूच्या शांत पाण्यात आधी तळ शोधावा, मग तळावरच्या सावल्या, मग त्यांचे धनी. मान कलवून पाहावी, गॉगल काढून पाहावा, पुन्हा लावावा. रॉड मात्र सांगलीलाच ठेवावा. तिथले मासे देवीचे आहेत आणि गावकऱ्यांची नजर फार चांगली आहे.